पेसमेकरच्या निरुपयोगी तारा : काढाव्यात की ठेवाव्यात?

पेसमेकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छातीवर कातडीखाली बसवलेली ती लहानशी डबी येते. बोलतानाही आपण 'बॅटरी बसवली', 'बॅटरी बदलली' असेच म्हणतो. त्या डबीपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. डबी काही वर्षांनी बदलता येते. तार मात्र शिरेतून हृदयात गेलेली आणि तिथेच रुजलेली असते. कधी ती बिघडते, कधी तिचे काम संपते. मग प्रश्न येतो की ही तार काढून टाकायची की आहे तिथेच राहू द्यायची?

हा प्रश्न बहुतेक घरांत अवेळी येतो. बॅटरी बदलायची तारीख ठरलेली असते, रुग्ण दाखल झालेला असतो, आणि संमतिपत्रावर सही करताना कळते की जुनी तार 'बंद करून' तिथेच ठेवणार आहेत. त्या पाच-दहा मिनिटांत कोणाला काय विचारायचे तेही सुचत नाही. आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांत पेसमेकर असलेले आता थोडेथोडके नाहीत, म्हणून या विषयाची माहिती एका ठिकाणी मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, आमची नोकरी बँकेत झाली. तेव्हा हा लेख वैद्यकीय सल्ला समजू नये. डॉक्टरांशी बोलण्याची पूर्वतयारी म्हणून तो वाचावा.

डबी आणि तार

डबीत लिथियमची बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. कॉलरबोनच्या खाली कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये एक खिसा करून ती ठेवतात. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षे चालते.

तारेला डॉक्टर 'लीड' म्हणतात. तिची जाडी दोन-तीन मिलिमीटर असते. आत धातूची बारीक गुंडाळी आणि बाहेरून सिलिकोन किंवा पॉलियुरेथेनचे आवरण असते. खांद्याजवळच्या शिरेतून ती वरच्या महाशिरेत आणि तिथून हृदयाच्या उजव्या बाजूच्या कप्प्यात जाते. खालच्या कप्प्यात जाणारी तार वाटेत हृदयाची झडप ओलांडून जाते. तारेच्या टोकाला बारीक आकडे किंवा मळसूत्रासारखा स्क्रू असतो, त्याने ती हृदयाच्या भिंतीला पकड घेते.

साध्या पेसमेकरला एक किंवा दोन तारा असतात. हृदयाच्या दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणाऱ्या सीआरटी यंत्राला बहुधा तीन असतात. धोकादायक ठोके ओळखून आतून झटका देणाऱ्या आयसीडी यंत्राची तार जास्त जाड असते, कारण झटका देणारी वेटोळी तिच्यावरच असतात.

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. शल्यविशारद होते ओके सेनिंग आणि अभियंता होते रून एल्मक्विस्ट. त्या यंत्राच्या तारा छाती उघडून हृदयाला बाहेरून टाचल्या होत्या, आणि ते पहिले यंत्र काही तासच चालले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सेमूर फर्मन यांनी शिरेतून तार आत नेऊन हृदयाला ठोके दिले. आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत ती हीच. लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले आणि त्यांची विसाहून अधिक यंत्रे बदलली गेली. आपल्या विषयाचे मूळ इथेच आहे. यंत्रापेक्षा माणूस जास्त जगतो, ही आनंदाचीच गोष्ट, पण त्यामुळे एका माणसाच्या वाट्याला अनेक डब्या आणि कधी कधी अनेक तारा येतात.

तार निरुपयोगी कशी होते?

मिनिटाला ७० ठोके धरले तर हृदय दिवसाला सुमारे एक लाख आणि वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा हलते. तितक्या वेळा तारही वाकते. त्यामुळे तार बिघडणे नवलाचे नाही. निरुपयोगी होण्याची मुख्य कारणे अशी :

१. तारेतील धातू तुटतो किंवा आवरण झिजते. पहिली बरगडी आणि कॉलरबोन यांच्या चिमटीत सापडणारी तार अशी खराब होऊ शकते. तिच्या शेजारून नवी तार घातली की जुनी बिनकामाची होते.

२. यंत्राचा प्रकार बदलतो. साधा पेसमेकर काढून आयसीडी बसवला तर खालच्या कप्प्यातील जुन्या तारेचे काम नवी जाड तारच करते.

३. रुग्णाची स्थिती बदलते. वरच्या कप्प्याचे ठोके कायमचे अनियमित झाले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन कायमचे झाले, की त्या कप्प्यातील तारेला काही काम उरत नाही.

४. यंत्राची बाजू बदलावी लागते. त्या बाजूच्या स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार द्यायचे असतील, तर डबी दुसऱ्या बाजूला नेतात आणि पहिल्या बाजूच्या तारा तशाच राहू शकतात.

५. एखाद्या विशिष्ट बनावटीच्या तारेत दोष असल्याचे कंपनी जाहीर करते.

अशा वेळी तार आत ठेवायचे ठरले, तर तिच्या मोकळ्या टोकावर सिलिकोनची टोपी बसवतात आणि ते टोक खिशातच टाके घालून पक्के करतात. तज्ज्ञांचा आग्रह असतो की ठेवलेली तार कापू नये. कापलेले टोक शिरेत आत सरकू शकते, आणि पुढे ती काढायची वेळ आली तर पकडायला काही हाताशी राहत नाही. 'जुनी तार ठेवणार असाल तर टोपी लावून अखंड ठेवणार ना?' हा प्रश्न म्हणूनच साधा दिसला तरी महत्त्वाचा आहे.

ठेवली तर काय?

आधी दिलासा देणारी गोष्ट सांगतो. ठेवलेल्या बहुतेक तारा जन्मभर काही त्रास देत नाहीत. अनेकांना ती आत आहे याची आठवणही राहत नाही. तरीही पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

शिरेत गर्दी होते. प्रत्येक तारेभोवती शरीर तंतूंचे वेष्टण तयार करते. तारा वाढल्या की शीर अरुंद होते, कधी बंदही होते. हात किंवा चेहरा सुजणे, छातीवर शिरा उठून दिसणे ही तिची लक्षणे. पुढे नवी तार घालायची झाली तर वाटच उरत नाही.

झडपेवर ताण येतो. एकाच झडपेतून दोन-तीन तारा गेल्या तर ती नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळू लागते.

तारा एकमेकींवर घासतात. त्यातून उठणारे खोटे संकेत यंत्राला हृदयाचे ठोके वाटू शकतात. आयसीडीच्या बाबतीत यामुळे विनाकारण झटका बसण्याचा संभव असतो.

यंत्राला पुढे कधी जंतुसंसर्ग झाला तर कामाच्या तारांबरोबर ही बिनकामाची तारही काढावी लागते. तोवर ती आणखी जुनी आणि आणखी घट्ट झालेली असते.

अमेरिकेत मेडिकेअरखालील सहा हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तार काढलेल्यांची आणि टोपी लावून ठेवलेल्यांची तुलना होती. पाच वर्षांत काढलेल्यांमध्ये जंतुसंसर्ग कमी आढळला, पण मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. एका बाजूला झुकून सरसकट निर्णय द्यावा, असे या पाहणीतून निघत नाही.

काढली तर काय?

तार बसवून थोडे महिने झाले असतील तर ती बहुधा सहज ओढून निघते. वर्ष उलटून गेले की तिला काढणे ही स्वतंत्र, विशेष शस्त्रक्रिया मानतात. कारण तेच तंतूंचे वेष्टण. शीर, महाशीर, झडप आणि हृदयाची भिंत अशा ठिकाणी तार चिकटून बसते. वर्षे जातात तसा त्या वेष्टणात चुनाही साठतो. तरुण माणसांत ही प्रक्रिया जास्त जोमाने होते. आयसीडीची वेटोळी तर आणखी घट्ट धरून बसतात.

नुसती जोरात ओढली तर तारेबरोबर शीर किंवा हृदयाची भिंत फाटू शकते. म्हणून तारेच्या पोकळ गाभ्यात एक बारीक सळई घालून ती आतून अडकवतात. मग तारेवरून नळी सरकवत चिकटलेला भाग थोडा थोडा सोडवत जातात. काही नळ्या साध्या प्लास्टिकच्या असतात, काहींच्या टोकाला फिरते पाते असते, काहींच्या टोकातून लेसर किरण निघतात. तार मध्येच तुटली तर जांघेतील शिरेतून फासा नेऊन तुकडा धरतात.

युरोपातील १९ देशांच्या ७३ केंद्रांतील साडेतीन हजार रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात शंभरापैकी सुमारे ९६ जणांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा हेतू साध्य झाला. गंभीर गुंतागुंत १.७ टक्के रुग्णांत झाली आणि शस्त्रक्रियेमुळे ०.५ टक्के दगावले, म्हणजे दोनशेत एक. गंभीर गुंतागुंतीत मोठा वाटा हृदय किंवा मोठी शीर फाटण्याचा होता. दहा वर्षांहून जुनी तार असणे आणि रुग्ण स्त्री असणे या दोन गोष्टींत धोका अधिक दिसला. वर्षाला तीसपेक्षा कमी अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांतही तो अधिक होता.

यावरून दोन गोष्टी निघतात. अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया बऱ्यापैकी सुरक्षित आहे, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ती 'बॅटरी बदलता बदलता जाता जाता' करण्याची गोष्टही नव्हे. हृदयशल्यविशारद जवळ हजर असावा आणि शीर फाटलीच तर पाच-दहा मिनिटांत छाती उघडण्याची तयारी असावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. रक्ताची सोय, अन्ननलिकेतून हृदय पाहणारी सोनोग्राफी, भूलतज्ज्ञ हे सगळे त्यात आलेच. ही सोय प्रत्येक शहरात असतेच असे नाही. बडोद्याच्या रुग्णाला त्यासाठी अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागू शकते.

जंतुसंसर्ग : इथे दुसरा मार्ग नाही

वर 'काढावी की ठेवावी' असा तोल सांगितला. एका परिस्थितीत मात्र तो लागू होत नाही. खिशाला किंवा तारांना जंतुसंसर्ग झाल्याचे निश्चित झाले, तर डबी आणि सगळ्या तारा, बिनकामाच्या धरून, काढाव्यात असे मार्गदर्शक सूचना निःसंदिग्धपणे सांगतात. जंतू तारेच्या पृष्ठभागावर एक चिकट थर करून त्यात लपतात. तिथपर्यंत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. औषधाने ताप उतरतो, सूज ओसरते, घरचे निश्चिंत होतात, आणि औषध थांबले की दुखणे पुन्हा डोके वर काढते.

पुढील लक्षणे दिसली तर घरगुती उपाय किंवा जवळच्या दवाखान्यातील गोळ्या यांत दिवस घालवू नयेत :

– खिशावरची कातडी लाल, गरम किंवा सुजलेली असणे
– टाक्यांतून पाणी किंवा पू येणे
– कातडी पातळ होऊन डबीला चिकटणे, डबी किंवा तार बाहेर डोकावणे
– कारण न सापडणारा, थंडी वाजून येणारा ताप, विशेषतः बॅटरी बदलल्यानंतरच्या महिन्यांत

डबी किंवा तार कातडीबाहेर दिसू लागली की, दुखत नसले आणि ताप नसला तरी, तो जंतुसंसर्गच मानतात. सुजलेल्या खिशात सुई घालून पाणी काढू नये, त्याने जंतू बाहेरून आत जाऊ शकतात. ताप असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घेणे आवश्यक असते, नाहीतर जंतू कोणता ते कळत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर लगेच टाक्यांच्या रेषेपुरती वरवरची लाली आली, तर तेवढ्यावरून यंत्र काढायची गरज नसते. हा फरक डॉक्टरांनीच ठरवायचा आहे.

तारा काढल्यावर नवे यंत्र लगेच बसवत नाहीत. रक्तात जंतू सापडले असतील तर कल्चर निदान ७२ तास स्वच्छ राहण्याची वाट पाहतात आणि नवे यंत्र शक्यतो दुसऱ्या बाजूला बसवतात. ज्याचे हृदय पेसमेकरवरच चालते, त्याला मधल्या काळात तात्पुरती तार घालून बाहेरच्या यंत्राने ठोके देतात. 'यंत्र काढले तर बाबांचे काय होईल?' ही भीती स्वाभाविक आहे, पण तिच्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये. अमेरिकेतील मेडिकेअरच्या नोंदींत संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी पाचात एकाच्याही तारा महिन्याभरात काढल्या गेल्या नव्हत्या. ज्यांच्या लवकर काढल्या गेल्या, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते.

संसर्ग नसेल तेव्हा निर्णय कसा होतो?

इथे वय, तारेचे वय आणि पुढची गरज या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. दोन कल्पित उदाहरणे घेऊ.

तीस-बत्तीस वर्षांची तरुणी. तिची तीन वर्षांची तार तुटली आहे. तिच्यापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य आणि चार-पाच वेळा बॅटरी बदलणे आहे. आज तार ठेवली आणि वीस वर्षांनी संसर्ग झाला, तर तेवीस वर्षांची तार काढावी लागेल. तिच्या बाबतीत अनुभवी केंद्रात ती आत्ताच काढण्याकडे कल असणे समजण्यासारखे आहे.

त्र्याऐंशी वर्षांचे आजोबा. मूत्रपिंड थोडे अशक्त आहे, पंधरा वर्षांची तार बिनकामाची झाली आहे, शिरेत जागा आहे आणि त्रास काही नाही. त्यांच्या बाबतीत टोपी लावून ठेवणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरेल.

बहुतेक रुग्ण या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सहमतीत संसर्ग नसतानाही तार काढणे रास्त ठरते अशा काही परिस्थिती दिल्या आहेत. ठेवलेल्या तारेमुळे जीवघेणे अनियमित ठोके पडणे, शीर बंद झाल्याने आवश्यक नवी तार घालता न येणे, ठेवलेली तार नव्या यंत्राच्या कामात अडथळा आणणे या त्यांपैकी काही. नवी तार घातल्यास एका बाजूला चारांहून जास्त किंवा वरच्या महाशिरेतून पाचांहून जास्त तारा होणार असतील, तरीही काढण्याचा विचार करावा असे त्यात म्हटले आहे. बाकीच्यांत रुग्णाशी मोकळेपणाने बोलून ठरवावे, असा त्या सूचनांचा रोख आहे. म्हणजे रुग्णाचे मत इथे केवळ सहीपुरते नसते.

कंपनीने दोष जाहीर केल्यावरही घाई करू नये. मेडट्रॉनिकने आयसीडीच्या 'स्प्रिंट फिडेलिस' तारांची विक्री ऑक्टोबर २००७ मध्ये थांबवली. तोवर जगभरात सुमारे २ लाख ६८ हजार तारा बसवल्या गेल्या होत्या. तरीही चालू तारा सरसकट काढा, असा सल्ला दिला गेला नाही. यंत्रात इशारा देणारी व्यवस्था घालून लक्ष ठेवावे आणि बिघाड दिसला किंवा बॅटरी बदलायची वेळ आली की विचार करावा, असे सांगितले गेले. त्याआधी १९९४ मध्ये 'अ‍ॅक्युफिक्स' नावाच्या तारांच्या बाबतीत घबराटीने अनेक तारा काढल्या गेल्या. त्या काढण्याचा धोका मूळ दोषाच्या धोक्याहून मोठा असल्याचे पुढे दिसून आले.

तार मुळात कमी घालणे हाही एक उपाय आहे. हृदयातच बसणारा, तार नसलेला कॅप्सूलसारखा पेसमेकर आता उपलब्ध आहे. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. आयसीडीतही कातडीखालून जाणारी, शिरेत न शिरणारी तार असलेला प्रकार आहे. हे सगळ्यांना चालत नाहीत. पण प्रथमच यंत्र बसवणाऱ्यांनी 'मला किती तारा खरोखर लागतील?' एवढे जरूर विचारावे.

एमआरआय करायचा असेल तर

पाठीच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यासाठी एमआरआय सांगितला की हा प्रश्न हमखास येतो. हल्लीचे अनेक पेसमेकर एमआरआयला चालणारे असतात आणि कार्डवर तसे लिहिलेलेही असते. पण आत एखादी बिनकामाची तार असेल, तर ती खात्री लागू राहत नाही. मोकळी तार चुंबकीय क्षेत्रात तापण्याचा संभव असतो. अलीकडे काही केंद्रांत नीट देखरेखीखाली अशा रुग्णांचेही एमआरआय सुखरूप झाले आहेत, पण तो निर्णय हृदयतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून घ्यायचा असतो. आपण एवढेच करावे की तार लपवू नये. 'सांगितले तर एमआरआय नाकारतील' म्हणून गप्प राहणे धोक्याचे आहे. आत किती तारा आहेत हे आठवत नसेल तर छातीच्या साध्या एक्स-रेत त्या दिसतात.

बायपास झालेल्यांनी मात्र विनाकारण काळजी करू नये. त्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ज्या केसासारख्या बारीक तात्पुरत्या तारा ठेवतात, त्या वेगळ्या. त्यांचा उरलेला तुकडा सहसा एमआरआयच्या आड येत नाही.

कागदपत्रे : आमच्या सवयीचा विषय

बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते, पण ते पुस्तकातून पुसले जात नाही. त्याची नोंद राहते, वारस लावलेला असतो, शाखा बदलली तरी ते सापडते. बिनकामाच्या तारेचेही असेच हवे. आपल्या लोकांत याची विशेष गरज आहे. पहिला पेसमेकर मुलाकडे पुण्यात बसवला, बॅटरी बडोद्यात बदलली, मध्ये सहा महिने मुलीकडे परदेशात, असे प्रवास आपल्या घरांत नेहमीचे आहेत. कागद तीन गावांत विखुरतात आणि नव्या डॉक्टरांना फक्त चालू तारांची माहिती मिळते.

एका कोऱ्या कागदावर पुढील तक्ता करून पेसमेकर कार्डासोबत पाकिटात ठेवावा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो असावा :

– डबी : कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, रुग्णालय
– प्रत्येक चालू तार : कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, तारीख, कोणत्या कप्प्यात
– प्रत्येक बंद तार : वरील सर्व माहिती, शिवाय कधी आणि का बंद केली, टोपी लावली की कापली
– अलीकडच्या एक्स-रेची तारीख
– हृदय पेसमेकरवर पूर्ण अवलंबून आहे का
– रक्त पातळ करणारी औषधे

मॉडेल आणि अनुक्रमांक डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेल्या लेबलांवर सापडतात. लेबले फिकट होतात, म्हणून ती आजच उतरवून घ्यावीत. यंत्रामुळे किंवा तारेमुळे काही अपाय झाला तर तो कळवण्यासाठी आपल्या देशात ६ जुलै २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचे काम पाहते, आणि रुग्ण किंवा नातेवाईकही तिथे कळवू शकतात. त्यासाठीही अनुक्रमांक हाताशी हवा.

आरोग्य विमा असलेल्यांनी तार काढण्याची शस्त्रक्रिया ठरली की पूर्वमंजुरी घेताना तिचा स्वतंत्र उल्लेख करावा. 'बॅटरी बदलणे' एवढेच लिहिले आणि लेसर नळीसारखे एकदाच वापरायचे साहित्य बिलात आले, तर नंतर पत्रव्यवहार वाढतो.

बॅटरी बदलण्याआधी विचारायचे प्रश्न

तारीख ठरण्यापूर्वी, शक्यतो घरातील एका तरुण माणसाला सोबत नेऊन, हे विचारावे :

१. माझ्या आत एकूण किती तारा आहेत? त्यांतील कामाच्या किती?
२. या वेळी कोणती तार बंद करणार आहात का? का?
३. ती काढली तर माझ्या वयाला आणि प्रकृतीला काय धोका? ठेवली तर पुढे काय?
४. माझी शीर मोकळी आहे का, हे पाहिले आहे का?
५. काढायची असेल तर आपण स्वतः वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? हृदयशल्यविशारद हजर असतील का?
६. मला पुढे एमआरआय लागण्याचा संभव असेल तर निर्णय बदलतो का?
७. काय केले ते डिस्चार्ज कार्डावर तारांसह लिहून द्याल का?

पाचवा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, हे आम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांना असे कसे विचारायचे, असे आपल्या पिढीला वाटते. पण या शस्त्रक्रियेत अनुभवाने धोका बदलतो, हे वर आलेच आहे, आणि चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. किमान ४० तारा देखरेखीखाली काढून झाल्यावरच स्वतंत्रपणे हे काम करावे आणि पुढे वर्षाला निदान २० काढाव्यात, असे आंतरराष्ट्रीय संघटनांनीच सुचवले आहे.

शेवटची एक गोष्ट

हा विषय काढायला कोणाला आवडत नाही, पण घरच्यांना माहीत असावा. दहनापूर्वी पेसमेकरची डबी काढणे आवश्यक असते, कारण लिथियमची बॅटरी आगीत फुटते. तारा मात्र काढाव्या लागत नाहीत, त्या राहिल्या तरी चालतात. यंत्र आयसीडी असेल तर डबी काढण्याआधी ते बंद करून घ्यावे लागते, नाहीतर काढणाऱ्याला झटका बसू शकतो. मृत्यू घरी झाला असेल तर ज्या डॉक्टरांकडून दाखला घ्यायचा, त्यांना पेसमेकर असल्याचे आधी सांगावे. गुरुजींना आणि स्मशानभूमीतील कर्मचाऱ्यांनाही सांगावे. हे काम दहा मिनिटांचे असते, फक्त त्या गडबडीत कोणाच्या तरी लक्षात राहायला हवे. वरच्या तक्त्याच्या तळाशी एक ओळ लिहून ठेवली की पुरे.

ज्या सभासदांच्या घरी पेसमेकर आहे, त्यांनी या आठवड्यात जुनी फाइल काढून तारांची माहिती तक्त्यात उतरवावी आणि पुढच्या तपासणीला तो तक्ता डॉक्टरांना दाखवावा. एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो तिथेच त्यांच्याकडून भरून घ्यावा.